गिळता येईल असं काही

प्रिय कर्टिस,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहिलंय, तेव्हा जपून ठेव. रविवारी तू फोनवर विचारलंस, "काय मग, कशी झाली शिकार? बाबांनी नीट खाल्लं का?" आणि मी म्हणाले, "ठीक झालं सगळं." बाबा शेजारच्याच खुर्चीत होते, टीव्हीचा आवाज बारीक करून आपलं बोलणं ऐकत. त्यांच्यासमोर मी दुसरं काय सांगणार? तू "छान, छान" म्हणालास आणि ॲरिझोनात अजून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कसं फिरता येतं ते सांगायला लागलास. काही ठीक झालेलं नाही, कर्टिस. आणि बाबांनी खाल्लं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आधी तुझ्या खोक्याबद्दल बोलू. त्या पौष्टिक वड्या पोचल्या. प्रत्येक वडीच्या कागदावर एक दाढीवाला माणूस कडा चढतोय. प्रवासाला सोपं, शिकारीला उत्तम, खिशात टाका आणि निघा, असं खोक्यावर लिहिलंय. मी एक चावून बघितली आणि दाढेतलं भरलेलं सिमेंट निघतं की काय असं वाटलं. बाबांनी एक हातात घेऊन टेबलावर आपटली. "कर्टिसने बुटांचे तळवे पाठवलेत," म्हणाले, "माझ्या मापाचे आहेत का बघ." मग स्वतःच्याच विनोदावर हसले, हसता हसता ठसका लागला, आणि तो थांबेपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. ऑगस्टमध्ये ते न्यूमोनियाने दवाखान्यात होते तेव्हा मी तुला सगळं सविस्तर सांगितलं होतं. कंपवात नुसता हातांत नसतो, तो घशातही उतरतो. घास खाली जाताना वाट चुकतो आणि फुप्फुसात शिरतो. सुकं नको, भुरभुरीत नको, दाणे नकोत, सालं नकोत. पाण्यासारखं पातळही नको. एका घासात घट्ट आणि पातळ एकत्र तर मुळीच नको. हे सगळं ऐकून तू "हं, हं" म्हणाला होतास. आणि मग दगडासारख्या, बदाम घातलेल्या वड्या पाठवल्यास. विचार करून पाठवलंस हे मला कळतं, म्हणूनच जास्त राग येतो.

त्यात बाबांनी ठरवलं होतं की हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो त्या पंधरा नोव्हेंबरला जंगलातल्या कॅम्पवर जायचंच. डॉक्टरबाई नको म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. तुला यायला जमणार नव्हतं. मग उरलं कोण?

तुला आठवतं का, आई या एका आठवड्यात कशी वागायची? वर्षभर साधं सरळ माणूस, पण नोव्हेंबर लागला की स्वयंपाकघराचा कारखाना व्हायचा. तिची दोन वेगळी शास्त्रं होती. गाडीतलं खाणं आवाज करणारं हवं, म्हणजे चालवणाऱ्याला झोप येत नाही. म्हणून सूर्यफुलाच्या बिया, करकरीत सफरचंदं, काकडीचं लोणचं, दालचिनीचे कडक टोस्ट. आणि लपणातलं, म्हणजे हरणाची वाट बघत दडून बसायच्या जागेतलं खाणं बिनआवाजी, बिनवासाचं, हातमोजा न काढता तोंडात टाकता येईल असं. दुकानातल्या टॉफीचा चरचरीत कागद काढून ती प्रत्येक टॉफी मेणकागदात गुंडाळायची. सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या बोटाएवढ्या कापायची. संत्री घरात आली तरी रागवायची, "सालीचा वास हाताला लागतो, हरणं काय मूर्ख असतात का?" ती स्वतः एकदाही लपणात बसली नव्हती. मीसुद्धा नाही. आम्ही दोघी रात्रंदिवस बांधाबांध करायचो आणि पहाटे दारात उभं राहून तुमच्या गाडीचे दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघायचो. पुढच्या सीटवर तू, मांडीवर खाण्याची पिशवी, राजासारखा. परत आल्यावर तू सांगायचास की टोस्ट कमी पडले. हरणाबद्दल नंतर, आधी टोस्ट कमी पडले.

तर यंदा ते शास्त्र मला उलटं करून लिहायचं होतं. खरेदीला गेले तर प्रवासाच्या खाण्याची अख्खी गल्ली माझ्यावर हसत होती असं वाटलं. चिप्स, शेंगदाणे, मक्याचे दाणे, बिस्किटं, सुकं मांस. माणूस घराबाहेर पडला की त्याला फक्त कडक आणि कोरडंच खावंसं वाटतं, असं या देशात कोणी ठरवलं? मऊ आणि ओलं ते सगळं बरणीतलं, बर्फात ठेवायचं, नाहीतर चमच्याने भरवायचं. शेवटी मी लहान मुलांच्या गल्लीत गेले. पिळून खायच्या त्या पिशव्या असतात ना, नाशपती, गाजर, रताळं, त्या घेतल्या. पैसे घेणारी मुलगी गोड हसून म्हणाली, "नातवासाठी का?" मी "हो" म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. गाडीत येऊन बसले आणि किल्ली लावायला मला बराच वेळ लागला.

घरी बाबांनी त्या पिशव्या बघितल्या. तुला वाटेल चिडले असतील. नाही. एकेक उचलून वाचली आणि शांतपणे म्हणाले, "लोर्ना, माझे दात सगळे माझे आहेत." मी म्हणाले, "दातांचा प्रश्न नाहीये बाबा." "तेच तर," ते म्हणाले, "ज्याचा प्रश्न नाही तेवढंच शाबूत राहिलंय." मग मी उकडलेला बटाटा लोण्यात घोटून बघितला, अंड्याचं कस्टर्ड केलं, मांसाचा खिमा रटरटवून, वाटून, गाळून बघितला. ते चाखायचे, मान हलवायचे, आणि बशी माझ्याकडे सरकवायचे. कॉफी घट्ट करायची पावडर तर मी तुला पाठवूनच देणार आहे, एकदा पिऊन बघ. कपात चमचा उभा राहतो. बाबांनी कप तिरका केला, कॉफी जागची हलली नाही. "ही प्यायची," त्यांनी विचारलं, "की भिंतीला कागद चिकटवायला घ्यायची?" मला हसू यायला हवं होतं. मी कप उचलला आणि मोरीत उलटा केला, आणि तो रिकामा व्हायलाही वेळ लागला. तेव्हा मी ओरडले. त्यांच्यावर नाही, कपावर. पण घरात दोघंच असलो की कपावर ओरडलेलंही माणसाला लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. तू बाबांशी बोललास. मी भांडी घासत होते, मला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती. "हो... हो रे... बरं... तू म्हणतोस तसं... ठरलं मग." फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही. काय ठरलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मग तुझा संदेश आला, "बाबा तयार आहेत, सोमवारी डॉक्टरांना सांग." त्यावर मी तुला उत्तर दिलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते या पत्रात येईल.

प्रवास कसा झाला ते ऐक. निघताना कस्टर्ड दिलं, नको. अर्ध्या वाटेवर रताळं दिलं, तोंड खिडकीकडे. मी गाडी थांबवून त्यांच्यासमोर तीन डबे उघडून धरले, दुकानदारासारखी. "यातलं काहीही खा, पण खा." ते म्हणाले, "पूल ओलांडल्यावर बघू." पूल ओलांडल्यावर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. उजव्या हाताचं ते पास्टीचं दुकान, जिथे तुम्ही दरवर्षी थांबायचात. मी म्हणाले, पास्टी नाही. तिचं कवच भुगा होतं, तो घशात अडकतो. ते म्हणाले, "मी पाव मैल लांबून वास घेईन, बस?" पुलावर वारा इतका की गाडी हलत होती, खाली दोन्ही सरोवरांचं पाणी काळं, आणि आम्ही दोघं बटाटा-मांस भरलेल्या एका कणकेच्या पुडीवरून भांडत होतो. "मी पंचाऐंशीचा आहे." "म्हणूनच." "तुझी आई असती तर घेतली असती." "आई असती तर तिनेही नसती घेतली, आणि तुम्ही तिचं ऐकलं असतं!" 

मी थांबले, अर्थातच थांबले. पास्टी घेतली, गाडीत बसून तिचं कवच सोललं, आतला बटाटा, कांदा, सलगम, मांस सगळं वाटीत काट्याने चिरडलं आणि त्यावर दुकानातून मागून आणलेला घट्ट रस्सा ओतला. कर्टिस, रस्सा! पास्टीवर रस्सा ओततात ते दक्षिणेकडून येणारे पर्यटक, हे ज्यांनी आपल्याला देवाच्या आज्ञेसारखं शिकवलं, त्यांच्या पास्टीवर मी रस्सा ओतला. बाबांनी वाटी बघितली, दुकानाच्या काचेकडे बघितलं. आत त्यांच्या वयाचे दोघं-तिघं नारिंगी जाकिटं घालून बसले होते. "गाडी जरा वळव," ते म्हणाले, "तिकडे तोंड कर." मी गाडी वळवून कचऱ्याच्या पिंपांकडे तोंड करून उभी केली. तिथे त्यांनी चार-पाच घास खाल्ले. हनुवटी छातीला लावून, दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे, प्रत्येक घासाला दोनदा गिळत. मग चमचा ठेवला. "चांगलं आहे," म्हणाले. पोरीचं मन राखायला म्हणतात तसं. मी उरलेलं कवच खाल्लं, गाडी चालवत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चविष्ट पास्टी होती आणि मला ती त्यांच्या शेजारी बसून चावावी लागत होती.

कॅम्पवर एन्सिओने आधीच चूल पेटवून ठेवली होती, वाफेच्या अंघोळीची सौनाही तापवली होती. एन्सिओ तुला आठवतो, ओढ्यापलीकडच्या खोपटातला, बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. आता एक डोळा गेलाय, तरी स्वतः लाकडं फोडतो. आल्या आल्या त्याचं सुरू झालं. "काय रे रेइनो, पोरीने उपाशी ठेवलंय की लग्नातला कोट परत घालायचाय?" बाबा हसले आणि स्टुलावर बसले. एन्सिओने टेबलावर सॉसेज, राय या धान्याचा कडक पाव, खारवलेला मासा मांडला. त्याने स्वतः केलेला वेलदोड्याचा गोड पावही होता, वेणी घातलेला, बायको गेल्यापासून तोच भाजतो. बाबा म्हणाले, "वाटेत पोटभर पास्टी खाल्ली, जागा नाही." एन्सिओने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात माझ्या पिशवीतून त्या पिळायच्या पिशव्या घसरून जमिनीवर पडल्या.  बाबा चुलीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, आता हे उद्या परत जाऊ म्हणणार. एन्सिओने वाकून एक पिशवी उचलली, टोपण काढलं, पिळून अर्धी तोंडात घेतली आणि बराच वेळ चघळल्यासारखं केलं. "नाशपती," तो म्हणाला. "वाईट नाही. थोडी दारू घातली तर बाजारात विकता येईल." मग त्याने दुसरी उचलून बाबांकडे फेकली. बाबांनी झेलली, कर्टिस. थरथरत्या हाताने झेलली आणि खाल्ली. मी बाहेर जाऊन लाकडांच्या ढिगाऱ्याजवळ उभी राहिले. जे मला तीन दिवसांत जमलं नाही ते त्या म्हाताऱ्याने एका टोमण्यात केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या ढिगाऱ्याला लाथ मारावीशी वाटली, आणि मी मारली. अंगठा अजून दुखतोय.

सकाळी उजाडायच्या आत आम्ही लपणात जाऊन बसलो. मी आणि ते. आजोबांनी ठोकलेल्या त्या फळ्यांच्या खोलीत एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही ज्या गोष्टी सांगायचात त्यांना पुरेल एवढी जागाच नाही तिथे. गोळ्या बाबांनी घरातून निघतानाच स्वतःहून माझ्या खिशात टाकल्या होत्या. "हात स्थिर राहत नाही," एवढंच म्हणाले. रिकामी बंदूक मांडीवर घेऊन बसले. मी त्यांना ब्लँकेटात गुंडाळलं. बर्फ पडून थांबला होता. देवदारांवरून अधूनमधून एखादा लगदा सुटायचा आणि मी दचकायचे. ते नाही दचकायचे. तिथे त्यांचा हातही कमी थरथरत होता, किंवा मला तसं वाटलं.

मला भूक लागली. माझ्यासाठी मी एन्सिओच्या पावाचा एक तुकडा रुमालात बांधून आणला होता. तो त्यांच्यासमोर खायचा नाही असं ठरवून आणला होता, पण लपणात समोर आणि मागे असं काही नसतं. वेलदोड्याचा वास सुटला. त्यांनी मान न वळवता हात पुढे केला. मी मान हलवली. हात तसाच. मी पिशवीतून गाजराची पिशवी काढून त्या हातावर ठेवली. त्यांनी ती शांतपणे खाली ठेवली आणि हात परत पुढे केला. माझ्या थर्मासमधली कॉफी माझी होती, साधी, पातळ. त्यांनी झाकणात ती ओतून घेतली, माझ्या हातातून पाव तोडून घेतला आणि बुडवला. जसा ते आयुष्यभर बुडवत आलेत, पूर्ण भिजेपर्यंत, पडायच्या बेतात असताना उचलून. घट्ट आणि पातळ एका घासात. जे मुळीच नको ते. मी त्यांचं मनगट धरलं. आम्ही दोघं तसेच, त्या एवढ्याशा खोलीत, एका भिजलेल्या पावावरून एकमेकांकडे बघत. कुजबुजत मी म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला परत दवाखान्यातल्या त्या पलंगावर बघू शकत नाही." ते म्हणाले, "मग नको बघूस. आत्ता बघ." मी हात सोडला.

पहिला घास गेला. दुसरा गेला. त्यांनी डोळे मिटले होते. नेमका तेव्हा ओढ्याकडून हरणाचा नर आला. केवढा, कर्टिस! मानेवर बर्फ, शिंगं फांद्यांत मिसळलेली, एकेक पाऊल मोजून टाकत. मी बाबांच्या गुडघ्याला हात लावला, त्यांनी डोळे उघडले, बघितला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो कधी बघितलेलाच नाही. तो चेहरा तू बघितलायस, दरवर्षी. आणि मग त्यांना खोकला आला. साधा नव्हे. चेहरा लाल, मग जांभळट, श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज. नर कधी पळाला ते मला ठाऊक नाही. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारत राहिले आणि मनात तुला, एन्सिओला, पावाला, देवाला, सगळ्यांना शिव्या देत राहिले. शेवटी घास सुटला. ते फळीला टेकून बसले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणाले, "चला, बास झालं, निघू." ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "पाव उरलाय का?"

मला इतका राग आला की मला रडूही येईना. मी म्हणाले, "तुम्हाला मरायचंय का?" ते म्हणाले, "नाही. मला न्याहारी करायचीये." आणि मग ते बोलले. तुझ्याशी फोनवर काय ठरलं ते. पोटात नळी बसवायची, तोंडाने काही द्यायचं नाही, म्हणजे न्यूमोनियाची भीती कमी आणि ते नव्वदी गाठतील. डॉक्टरांनी हा मार्ग सुचवला होता हे मला माहीत होतं. पण बाबांनी तुला हो म्हटलंय हे मात्र मला तुझ्या संदेशातून कळलं होतं. मी विचारलं, "तुम्ही हो म्हणालात ना?" "कर्टिसला म्हणालो." "म्हणजे?" "म्हणजे त्याला म्हणालो. तो एवढ्या लांबून, एवढ्या मायेने बोलतो. त्याचा आवाज ऐकला की तोंडून होच येतं." "आणि मला?" मी म्हणाले. "मला सकाळपासून रात्रीपर्यंत नाही, नाही, नाही!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू समोर असतेस, पोरी," म्हणाले. "नाही म्हणायला माणूस समोर लागतो." मग म्हणाले, "त्याला वाटतं मी नव्वदीचा व्हावं. मला वाटतं मी जेवावं. खोकला येतो तर येऊ दे." मी उरलेला पाव त्यांना दिला. या वेळी बारीक तोडून, पिळून, एकेक कण. रागानेच दिला. त्यांनी सगळा खाल्ला, आणि आम्ही उन्हं येईपर्यंत बसलो. नर परत आला नाही.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तू संदेशात लिहिलंस ते मी सांगितलं नाही, नळी नको हे बाबांनीच सांगितलं. त्या बाईंनी काही लपवलं नाही. नळी नाही तर न्यूमोनिया परत होऊ शकतो, कदाचित याच हिवाळ्यात, आणि पुढच्या वेळी यातून उठणं अवघड आहे. बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "कॉफी घट्ट न करता मिळेल का?" त्या म्हणाल्या, "मी नको म्हणेन. पण निर्णय तुमचा." घरी येताना ते गाडीत गुणगुणत होते. मी गाडी चालवत होते आणि मला कुणालातरी जोरात हलवावंसं वाटत होतं, पण गाडीत फक्त तेच होते.

त्यानंतरच्या रविवारी फोनवर तुला हे सांगायचं त्यांच्या मनात होतं. तू नंतर त्यांना फोन द्यायला सांगितलास, त्यांनी तो हातात घेतला, आणि पुन्हा "हो रे... बरं रे..." करून ठेवला. मग खुर्चीतून माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच लिही त्याला. माझ्याच्याने होत नाही." म्हणून हे पत्र, कर्टिस. त्यांचं 'नाही' तुझ्यापर्यंत पोचवायला मला बसवलंय, नेहमीसारखं. नळी बसणार नाही. ती बसवायची ठरलेली तारीख मी रद्द केली नाही, त्यांनी केली, तेव्हा माझ्याशी भांडू नकोस. त्यांना फोन करून समजावूही नकोस, कारण ते तुला 'हो' म्हणतील आणि ते 'हो' मोडायला पुन्हा मीच लागेन, आणि माझ्यात आता ती ताकद नाही. तुला काही बोलायचं असेल तर इथे ये आणि समोर बसून बोल. वसंतात नाही, ख्रिसमसला नाही, आत्ता ये. एक वाटी खिमट भरवायला तास लागतो, आणि त्या तासात मध्येच त्यांना ठसका लागला की काय होतं ते मी तुला कितीही लिहिलं तरी कळणार नाही. विमानतळावर मी घ्यायला येणार नाही, तुझं विमान दुपारचं असतं आणि तेव्हा त्यांचं जेवण चालू असेल. टॅक्सी कर. दार उघडंच असेल, सरळ स्वयंपाकघरात ये आणि माझ्या हातातला चमचा घे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
लोर्ना